आग्र्याची सायकल

लिफ्टचं दार मिटलं आणि माझं नाव माझ्यासमोर उभं राहिलं. आरशाच्या शेजारी कोणीतरी ताजा कागद चिकटवला होता, डिंकाचा ओला वास अजून तिथंच घुटमळत होता. सव्वीस जानेवारीला सोसायटीची सायकल दौड. मुलांचा गट, महिलांचा गट, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत : ज्येष्ठ नागरिक गट, प्रमुख आकर्षण दिल्ली ते आग्रा सायकलवीर श्री. बळवंतजी. एका ओळीत दोन थापा होत्या. त्यांतली एक माझी, ती मी लगेच ओळखली. आपली थाप कितीही वर्षांनी भेटली तरी ओळखू येते, नाकडोळे आपल्यावरच गेलेले असतात. दुसरी, ती ज्येष्ठ नागरिकवाली, कोणाची ते कळेना. मी आरशात पाहिलं. तिथला माणूस कानांवरून मफलर गुंडाळून, दुधाच्या पिशव्या छातीशी धरून उभा होता, आणि ती दुसरी थाप आपल्याला केव्हाचीच ठाऊक आहे असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. अकरावा मजला आला, दार उघडलं, मिटलं. मी उतरलोच नाही. वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर निघालो. मधेच एक मुलगी आत शिरली, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात, केस ओले. तिनं विचारलं, "अंकलजी, ऊपर या नीचे?" मी म्हणालो, "अभी सोच रहा हूँ, बेटा." ती हसली. पण मी खरंच विचार करत होतो. कारण मला सायकल चालवता येत नव्हती. आयुष्यात कधीच आली नव्हती.

वयाचं आणि माझं भांडण त्या मानानं नवं होतं. एप्रिलच्या तीस तारखेला मी नियमाप्रमाणे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. गळ्यात झेंडूचा हार, हातात भिंतीवरचं घड्याळ, आणि ज्यांना नोकरीभर माझा एकही मसुदा पसंत पडला नव्हता त्या साहेबांचं गहिवरलेलं भाषण. आणि पुढच्याच महिन्यात सरकारला साक्षात्कार झाला की माणूस अठ्ठावन्नला नव्हे, साठाला म्हातारा होतो. मे महिन्यात ज्यांची पाळी होती ते सगळे एका आदेशानं दोन वर्षांनी तरुण झाले. पोस्टमननं आपल्या दारावरून पुढं जाऊन शेजारच्या घरात शिरावं, तशी ती दोन वर्षं माझ्या समोरून गेली आणि गुलाबरावच्या घरात शिरली. गुलाबरावचा जन्म मे महिन्यातला. माझा जिवलग माणूस, एकाच दिवशी नोकरीला लागलेला, लक्ष्मीबाई नगरात एका जिन्यावर समोरासमोर राहिलेला. त्याला फोन केला, अभिनंदन म्हणालो. तो म्हणाला, "लेका बळवंता, अर्धी तू घे." देता आली असती तर त्यानं खरंच दिली असती, आणि तेच मला जास्त लागलं.

मग आम्ही सरकारी क्वार्टर सोडून मुलाकडं गुडगावला आलो. अकराव्या मजल्यावरून खाली मोहरीची शेतं दिसायची, आणि शेतांच्या पलीकडं काचेच्या इमारती, जणू कोणीतरी सकाळी आणून ठेवल्यात आणि संध्याकाळी परत नेणार आहे. गॅलरीत बसून मी त्या दोन वर्षांचा विचार करायचो. आणि एकदा दुपारी, ऊन पायांवरून गुडघ्यांवर सरकत असताना, मला वाटलं : अरे, सरकारनंच तर जाहीर केलंय की साठापर्यंत माणूस म्हातारा नाही. म्हणजे मी म्हातारा नाही. आणि मला कामालाही जायचं नाही. ही दोन वर्षं कोणाचीच नाहीत, कुठल्याच खात्याची नाहीत. अशी बेवारस वर्षं माणसाच्या हाती कधी लागतात? बालपणी लागतात, पण तेव्हा शाळा असते. मी इतका खूष झालो की उठून उभा राहिलो. उभा राहिलो आणि काय करावं ते सुचेना. तेवढ्यात आशय आत आला, माझा मुलगा, परदेशी कंपनीत साहेब, नवी कोरी गाडी घेतलेला. "बाबा, चलो, चक्कर मारून येऊ." मी पुढचं दार उघडायला गेलो तर म्हणाला, "नको, तुम्ही मागं बसा ना, आरामात." मी मागं बसलो. आरामात. पुढच्या सीटवर त्याचा लॅपटॉप बसला.

मागं बसण्याचा मला अनुभव दांडगा. लोकांची दिल्ली म्हणजे इंडिया गेट असेल, माझी दिल्ली म्हणजे गुलाबरावची पाठ. नोकरीच्या पहिल्या वर्षांत तो आपल्या काळ्या चोवीस इंची सायकलवरून ऑफिसला निघायचा आणि मी कॅरिअरवर, मांडीवर दोघांचे डबे. हिवाळ्यात त्याच्या पाठीवर बायकोनं विणलेला मातकट स्वेटर, डाव्या खांद्याखाली एक टाका चुकलेला. त्या चुकलेल्या टाक्यातून मी सेक्रेटरिएटपर्यंतचा सगळा रस्ता पाहिलाय. उन्हाळ्यात त्याच्या सदऱ्यावर घामाचा नकाशा उमटायचा, सकाळी बेटाएवढा, सफदरजंगाच्या पुलापाशी खंडाएवढा. वारा मला कधी लागला नाही, तो आधी त्याला लागायचा आणि उरलासुरला माझ्या कानांवरून जायचा. फुकट बसायची लाज वाटू नये म्हणून मी त्याला गोष्टी सांगायचो. पहिल्या दिवशी खरी सांगितली. ती पहिल्या चौकातच संपली आणि त्याचे पाय मंदावले. दुसऱ्या दिवशी मी थोडं वाढवून सांगितलं, तर गडी चढावर उभा राहून पायडल मारायला लागला. तेव्हा मला कळलं, खऱ्या गोष्टीवर सायकल चढ चढत नाही. थापाड्या म्हणून माझी जी काही कीर्ती आहे ती सगळी त्या लोखंडी कॅरिअरवर कमावलेली, बूड दुखेस्तोवर.

आता आग्र्याचं. एकदा थंडीत आम्ही खरंच निघालो होतो, गुलाबरावच्या डोक्यात ताजमहाल शिरला होता. तो पुढं, मी मागं. बल्लभगडच्या जरा अलीकडं टायर फुटला आणि आम्ही सायकलसकट गाजरांच्या ट्रकातून परत आलो. एवढंच घडलं. पण लक्ष्मीबाई नगरात हिवाळ्यातल्या रविवारी सगळी बिऱ्हाडं हिरवळीवर उन्हाला येऊन बसायची, बायकांच्या हातांत लोकरीचे गुंडे, पुरुषांच्या हातांत शेंगा, पोरं पायांत. अशा उन्हात टायर फोडणं जिवावर येतं. पहिल्या हिवाळ्यात मी तो बल्लभगडच्या पलीकडं नेऊन फोडला. पुढच्या वर्षी फोडलाच नाही. मग पलवल आलं, मथुरा आली, मथुरेला एक बैल आमच्या शर्यतीत धावला, आणि शेवटी आग्र्यात ताजमहालाच्या पहारेकऱ्यानं सायकल धरून ठेवली म्हणून आम्हाला चांदण्यात तो बघता आला. सुधारणा करता करता मी आणि गुलाबरावनं फक्त जागा बदलल्या : गोष्टीत मी पुढं, तो मागं, त्याच्या मांडीवर डबे. गुलाबराव तिथंच बसलेला असायचा, शेंगा सोलत. इतक्या हिवाळ्यांत त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही. शेंगा मात्र माझ्यापेक्षा जास्त खाल्ल्या. तोवर आम्ही ऑफिसला बसनं जायला लागलो होतो, त्यामुळं त्या हिरवळीवर वाढलेल्या कुठल्याच पोराला मी सायकलवर कुठं बसायचो ते ठाऊक नव्हतं. आशयलाही नाही. त्याच्यापुरतं मी आग्र्याला जाऊन आलो होतो.

लिफ्टमधला कागद वाचून त्या दिवशी मी घरात शिरलो तेव्हा आशय चहा पीत होता, सून रुचिता टोस्टला लोणी लावत होती. "बाबा, देखा? भसीनना मीच सांगितलं," आशय म्हणाला. भसीन सोसायटीचे सेक्रेटरी. "ते म्हणत होते सिनियर ग्रुपमध्ये कोणीच स्टार नाही. मी म्हटलं, यार, मेरे फादर आग्रा तक गए हैं, डबलसीट! ऑफिसमध्येसुद्धा सगळ्यांना सांगितलंय. माझे बॉस येणारेत बघायला."

"बॉस कशाला?" मी म्हणालो.

"कशाला म्हणजे? मी इंटरव्ह्यूमध्येसुद्धा ती गोष्ट सांगितली होती. त्यांनी विचारलं, तुमची प्रेरणा कोण?"

माझ्या हातातल्या दुधाच्या पिशव्या गार पडल्या होत्या की माझे हातच, कळेना. रुचिता म्हणाली, "बाबा, पण प्रॅक्टिस? एकदम इतक्या वर्षांनी?" मी म्हणालो, "सायकल कोणी विसरतं का, बेटा?" आणि हे मात्र शब्दशः खरं होतं. न शिकलेली गोष्ट विसरायची सोयच नसते.

पोरं कामावर गेल्यावर माझी बायको कुमुद मेथी निवडत बसली आणि म्हणाली, "आता?"

"आता काय?"

"अहो, लग्न होऊन आले त्या पहिल्याच सकाळी मी खिडकीतून पाहिलंय तुम्हाला. कॅरिअरवर. दोन डबे घेऊन. नव्या नवरीसारखे बसला होता."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"का बोलू? ऐकायला बरं वाटायचं." तिनं देठ मोडला. "पण आता तो पोरगा खाली उभा राहून बघणार आहे. पाय मुरगळला, ताप आला, काहीतरी सांगा. थापांना काय तोटा आहे तुमच्याकडं?"

तोटा नव्हता. दुपारपर्यंत मला सात आजार सुचले, त्यांतले दोन तर वैद्यकशास्त्रालाही नवे होते. पण गंमत अशी झाली की प्रत्येक आजार म्हाताऱ्याचा निघाला. गुडघा, कंबर, चक्कर, रक्तदाब. कुठलंही कारण सांगितलं की लिफ्टमधल्या कागदावरची ती दुसरी थाप खरी होत होती. पहिली वाचवायची तर दुसरी कबूल करायची, आणि मग उरलेलं आयुष्य मागच्या सीटवर, आरामात. मी गॅलरीत उभा राहिलो. खाली मोहरी पिवळीधमक फुलली होती, तिच्यातून एक मोर असा चालला होता की जणू सगळी सेक्टरं त्याच्याच नावावर आहेत. मला वाटलं, बळवंता, थाप म्हणजे तरी काय? वेळेआधी सांगून टाकलेली खरी गोष्ट. लोक आधी करतात आणि मग सांगतात, तू आधी सांगितलंस, आता कर. मी चपला घातल्या, धौलाकुआँची बस धरली आणि लक्ष्मीबाई नगर गाठलं.

गुलाबराव नुकताच ऑफिसातून आला होता. क्वार्टरच्या मागच्या अंगणात ती काळी सायकल भिंतीला टेकून होती, हँडलला कांद्यांची पिशवी लटकलेली. माझं सगळं ऐकून त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "म्हंजे आत्ता शिकणार? ह्या वयात?"

"कुठल्या वयात? मी तुझ्यापेक्षा एका महिन्यानं मोठा. तू नोकरीला तरणा चालतोस."

तो हसला. बराच वेळ हसला, आणि मग पाठमोरा होऊन हँडलवरची कांद्यांची पिशवी काढायला लागला. ती पाठ मी किती वर्षांत अशी समोर पाहिली नव्हती. थोडी वाकली होती. "इतकी वर्षं मला मागं बसवलंस," तिकडूनच तो म्हणाला, "ते चाललं. पण त्या मथुरेच्या बैलाला भिऊन मी तुझ्या कमरेला मिठी मारली म्हणून सांगायचास, ते काही बरं नव्हतं."

पुढच्या शनिवारी, ऑफिसला सुट्टी म्हणून, तो सायकल रोडवेजच्या बसच्या टपावर टाकून घेऊन आला. सोसायटीच्या मागं, जिथं अजून इमारती उगवायच्या होत्या, तिथं एक रुंद डांबरी रस्ता शेतात जाऊन नुसताच संपत होता. तिथं आम्ही हिवाळ्याच्या उन्हात शिकायला लागलो. गुलाबराव कॅरिअर धरून पळायचा. पण त्याचा गुडघा चार पावलांत बोलायला लागायचा आणि त्यानं सोडलं की मी मोहरीत. मोहरीत पडण्याचा अनुभव नसलेल्यांसाठी सांगतो, ती आधी मऊ लागते आणि मग देठ टोचतात, आणि उठल्यावर माणूस लग्नाच्या हळदीतून आल्यासारखा दिसतो. कोपरं सोलली. साठीच्या अलीकडं आपलं रक्त इतकं लाल असेल असं मला वाटलं नव्हतं, मी ते कौतुकानं बघत बसायचो. लहानपणी पडायचं राहून गेलं होतं. वडील शाळामास्तर, एकुलता एक मुलगा, पडेल म्हणून सायकल नाही, बुडेल म्हणून नदी नाही. म्हणून तर मी सगळं सांगायला शिकलो. न पडलेल्या पोराला बोलायला पुष्कळ वेळ असतो. आणि आता इथं, हरियाणाच्या वाऱ्यात, अंगावर पिवळ्या पाकळ्या आणि हाताला वंगण, मी बेवारस वर्षांतलं पहिलं वर्ष खर्च करत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं.

पण तोल येईना. पुढं बसलो की पाठ उघडी पडायची. समोर पाठ नाही आणि मागं माणूस नाही, नुसतं आभाळ. हँडल आपोआप शेताकडं वळायचं. शेवटी वैतागून गुलाबराव कॅरिअरवरच बसला, दोन्ही बाजूंना पाय सोडून, चपला डांबराला घासत. "मार पायडल," म्हणाला, "मी आहे." मी मारलं. सायकल डगमगली, त्याच्या चपलांनी करकर केलं, आणि मग ती करकर थांबली. त्यानं पाय उचलले होते. आणि वारा, जो इतकी वर्षं गुलाबरावला लागून मग मला मिळायचा, तो आख्खा, कोरा, माझ्या तोंडावर आदळला. डोळ्यांतून पाणी आलं. ते वाऱ्यानं आलं असं मी त्याला सांगितलं. तो मागून म्हणाला, "बरं."

सव्वीस तारखेला ऊन स्वच्छ पडलं होतं. झेंडावंदन झालं, लाडू वाटले गेले, मुलांची शर्यत झाली. मग भसीननी माइकवर आग्र्याचं नाव घेतलं आणि टाळ्या पडल्या. माझ्या बाजूला एक निवृत्त कर्नल, एक डॉक्टर आणि दोन व्यापारी, सगळ्यांच्या सायकली नातवंडांच्या, चकचकीत, गिअरवाल्या. मी त्या काळ्या घोड्यावर. दोरीच्या पलीकडं आशय, त्याच्या शेजारी टाय लावलेला त्याचा बॉस, मागं रुचिता आणि कुमुद. आशयचा चेहरा मी पाहिला. तो तिशीतला साहेब नव्हता, तो हिरवळीवरचा पोरगा होता, तोंड किंचित उघडं, मथुरेच्या बैलाची वाट बघणारा. शिटी वाजली. मी पायडल मारलं, पाठीमागं तेच उघडं आभाळ आलं, हँडल आपोआप वळलं, आणि मी सगळ्यांदेखत आडवा झालो.

पडल्यावर जी शांतता होते तिच्यात माणसाला फार ऐकू येतं. कोणीतरी "अरे, अंकलजी" म्हणालं. कोणीतरी "पानी लाओ" म्हणालं. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. खुर्ची माझ्यासाठी येत होती. आशय दोरीखालून वाकून पळत आला. "बाबा, रहने दो. बस झालं. चला, बसा इथं आरामात."

तो शब्द नसता उच्चारला तर कदाचित मी बसलोही असतो. मी उठलो. सायकल उभी केली, हँडल सरळ केलं. आणि गर्दीत गुलाबरावला शोधून ओरडलो, "अरे, बघत काय उभा राहिलास? आग्र्याला काय मी एकटा गेलो होतो?"

गुलाबरावनं हातातला लाडू सबंध तोंडात टाकला, लंगडत आला आणि कॅरिअरवर बसला. भसीन धावले, "अंकलजी, डबल अलाउड नहीं है." गर्दीतून कुमुदचा आवाज आला, घरातला, ठणठणीत, मी कधी तिला चारचौघांत हिंदी बोलताना ऐकलं नव्हतं : "भाईसाब, इनका रेकॉर्ड ही डबल का है!" लोक हसले. बॉस हसला. भसीन बाजूला झाले. मी पायडल मारलं.

मागं वजन आलं आणि आभाळ बुजलं. गुलाबरावच्या चपला एकदा करकरल्या आणि उचलल्या गेल्या. पहिलं वळण मी कसं घेतलं मला ठाऊक नाही, सायकलला ठाऊक असेल. कर्नल पुढं होते, त्यांची साखळी निघाली. डॉक्टर त्यांना मदत करायला थांबले, धंद्याची सवय. दोन व्यापारी एकमेकांकडं बघत चालवत होते, आपल्या दोघांच्या मधून कोण गेलं ते त्यांना नंतर कळलं. पुढं कोणी सांगेल की मी शेवटून दुसरा होतो, कोणी सांगेल पहिला. मला समोर एकही पाठ दिसत नव्हती एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. रिबन आली तेव्हा आशय तिच्याजवळ उड्या मारत होता, "कम ऑन, बाबा! गुलाबकाका, पकडून बसा!" आणि गुलाबरावनं, त्या सगळ्या लोकांसमोर, माझ्या कमरेला मिठी मारली. बैल कुठंही नव्हता. त्यानं ती मुद्दाम मारली होती.

रिबन तुटली, छातीला चिकटून आमच्याबरोबरच आली. मला थांबता येत होतं. ब्रेक कुठं असतो ते मी शिकलो होतो. पण गेट उघडं होतं, गार्डनं सलाम ठोकला, आणि आम्ही गेटातून बाहेर पडलो. मागून आशय ओरडला, "बाबा, किधर?" मग त्याच्याच आवाजात कोणाला तरी, बहुधा बॉसला, सांगितलेलं ऐकू आलं, "बघितलं? मी म्हटलं होतं ना!"

रस्ता रिकामा होता, दोन्हीकडं मोहरी. काचेच्या इमारतींवर ऊन पडलं होतं आणि एकेका काचेतून एक काळी सायकल जात होती, पुढं एक माणूस, मागं एक. लांबून ते कोणत्या वयाचे आहेत ते कळत नव्हतं.

"लेका," गुलाबराव मागून म्हणाला, "आग्रा ह्या बाजूला न्हाई. हा जयपूरचा रस्ता."

"आग्र्याला एकदा जाऊन झालंय," मी म्हणालो.

चढ लागला होता, माझे पाय मंदावले. त्यानं कमरेवरचा हात सैल केला, घसा साफ केला, आणि माझ्या पाठीला तोंड लावून सांगायला लागला, "तर जयपूरला जाताना काय झालं, बळवंता, की अलवरच्या जंगलात आपल्याला एक वाघ आडवा आला. तू पुढं होतास..."

मी उभा राहून पायडल मारायला लागलो.